भीमाशंकराची घंटा आणि राखेचा बुधवार

आज माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र. चाकणच्या चक्रेश्वरापाशी हाती बेलाची पाने घेऊन उभी राहणारी रांग आणि राजगुरुनगरमार्गे भीमाशंकराकडे निघणारी भाविकांची रीघ हे आपल्या पंचक्रोशीचे दरसालचे दृश्य आहे. रात्रपाळी आटोपून, घरी जाऊन स्नान करून, डोळ्यांवरची झोप तशीच बाजूस सारून देवळाच्या पायरीवर आलेला कामगारही त्या गर्दीत असतोच. कपाळी भस्माचे पट्टे ओढताना ज्या सत्याचे स्मरण व्हावयाचे ते एवढेच की, हा देह अखेर राखेचा आहे. स्मशानात वास करणाऱ्या देवाच्या उपासनेत हे स्मरण आधी येते, मागणे नंतर.

यंदा योग असा की, येत्या बुधवारी, म्हणजे १८ फेब्रुवारी २०२६ रोजी, पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या टापूत राहणारे आपले कॅथलिक शेजारीही कपाळाला राख लावून घेतील. त्यास ते राखेचा बुधवार म्हणतात. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख करण्याची रीत आहे. धर्मगुरू ती भाविकाच्या कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतो आणि माणूस मातीचा असून मातीतच मिळावयाचा आहे याची त्यास आठवण देतो. तेथून त्यांचा उपवासकाळ सुरू होतो. पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे रविवार वगळता हे दिवस बरोबर चाळीस भरतात.

महाशिवरात्रीच्या पानावर परधर्मीयांच्या व्रताची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी भीमाशंकराच्या देवस्थानातील मोठी घंटा आठवावी. ती घडली भीमाशंकरासाठी नव्हे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्यांपैकी ही एक, असे सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण ती घंटा वाजवून देवापुढे उभे राहिलो. ती ज्या वसईहून आली, त्या वसईच्या लोकांची श्रद्धा कशावर पोसली गेली, हा प्रश्न मात्र आपल्या मनास क्वचितच शिवला असेल.

वसईतच, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई याच भूमीतील. जेझुइट धर्मगुरूंपाशी शिकून हा मुलगा कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तेथली भाषा त्याने आत्मसात केली आणि धर्मकार्यात वर्षानुवर्षे मदत केली. पण त्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. तेव्हा त्याने व्यापार केला, पैसा मिळवला, आणि तो सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून प्रवेश घेतला. पुढे दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून ठार करण्यात आले त्यांत तोही होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यास संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. आम्हांस या चरित्रात मृत्यूपेक्षा मधली वर्षे अधिक बोलकी वाटतात. दार बंद झाले म्हणून माणूस रुसून घरी बसला नाही. ज्या पंक्तीत जागा मिळाली नाही, तिच्याबाहेर राहूनही त्याने आपला नेम सोडला नाही.

श्रद्धा संतांच्या सहवासाने वाढते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. देहू आणि आळंदी ज्यांच्या अंगणात आहेत त्यांना तर मुळीच नको. घराघरांत महिपतींचा भक्तिविजय वाचला जातो तो त्याचसाठी. कॅथलिक परंपरेतही हेच घडले, त्याचा एक दाखला मोठा वेधक आहे. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत इग्नेशियस नावाच्या एका स्पॅनिश शिलेदाराचा पाय तोफेच्या गोळ्याने मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने करमणुकीसाठी वीरकथांची पुस्तके मागितली. ती घरात नव्हती. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा संग्रह. तेच त्याने वाचले, आणि शिलेदार उठला तो संन्यस्त होऊनच. त्याने स्थापिलेल्या जेझुइट संघास १५४० साली मान्यता मिळाली.

याच संघाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास उतरला आणि जवळजवळ चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ साली वारला. ज्यांनी नवा धर्म घेतला होता त्यांची जुनी पुराणे त्यांच्यापासून काढून घेण्यात आली होती. घरात वाचावयास काही उरले नव्हते. मग त्या लोकांनी पाद्रीबुवांकडे मागणे केले की, आम्हांला आमच्या भाषेत, आमच्या वळणाचे पुराण द्या. या मागणीतील व्यथा विचार करण्यासारखी आहे. देव बदलला तरी मांडीवर पोथी घेऊन ओवी म्हणण्याची जिभेची सवय बदलत नाही. स्टीफन्सने मराठी पुराणे अभ्यासली, ओवीची चाल आपलीशी केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली साष्टीतील राशोल येथे ते छापले गेले. नागरी लिपीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत उतरल्या. स्वर्गासाठी या इंग्रजाने शब्द योजला तो वैकुंठ. ती पहिली छापील प्रत आज कोठेही उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो घरोघरच्या हस्तलिखितांमुळे. १९०७ साली सालढाणा यांनी मंगळुरास तो रोमन लिपीत पुन्हा छापला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आपल्या पुण्यात त्याची नागरी आवृत्ती काढली.

येथे भाविक वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहील तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या साष्टीत हे पुराण रचले गेले, त्याच साष्टीत स्टीफन्स येण्यापूर्वी देवळे पाडली गेली होती. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय बसले व ते १८१२ पर्यंत चालले. १६८४ साली तर पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी लोकांनी आपली कोकणी भाषाच सोडावी असा हुकूम काढला. ही जखम खरी आहे आणि ती विसरावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये भर उपासनेत, चर्चच्या लेकरांनी गत शतकांत केलेल्या पापांबद्दल ईश्वराची क्षमा मागितली, हेही तितकेच खरे आहे. आपल्या घराण्याचा इतिहास वाचताना जो फक्त विजयाची पाने उलगडतो, त्याची श्रद्धा पहिल्याच आक्षेपाला कोसळते. डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्याची टिकते.

आणि हे माप आपण आपल्यालाही लावावयास हवे. आळंदीस आज माउली म्हणून ज्यांच्यापुढे लोटांगण घातले जाते, त्यांना व त्यांच्या भावंडांना संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकणारे कोण होते? देहूत तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या असे परंपरा सांगते, ते कोणी लावल्या? परके नव्हते. मुलांना पालखीचे दर्शन घडविताना ही कथा गाळून सांगण्याची आता पद्धत पडली आहे. गाळलेली कथा मुलगा पुढे कॉलेजात दुसऱ्याकडून ऐकतो, आणि मग आईबापांवरचाच विश्वास गमावतो.

इतिहासातील एक गोष्ट तर गमतीची आहे. मराठीतून ईश्वराशी बोलता येते हे स्टीफन्सने १६१६ साली दाखवून दिले. पण रोमन पंथाच्या चर्चमधील मुख्य उपासना त्यानंतरही साडेतीन शतके लॅटिनमध्येच होत राहिली. लोकभाषेला मुभा मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या निर्णयाने. ज्ञानोबांच्या मराठीला संस्कृतपुढे जे सोसावे लागले त्याचाच हा दुसरा अवतार. आणि पुढे त्याच परंपरेतील वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल सिद्ध केले, त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, व २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२४ साली ते निवर्तले.

संत झाले, इतिहास झाला. उरला नेम, आणि तोच अवघड. कॅथलिकांचा लेखी नियम पाहिला तर तो कडक नाही. अठरा ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट माणसाने राखेच्या बुधवारी व ख्रिस्तमरणाच्या शुक्रवारी एकच पूर्ण जेवण घ्यावे, चौदा वर्षांवरील सर्वांनी त्या दिवशी व उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करावे, एवढेच. पण या काळात प्रार्थना आणि दान ही उपवासाची जोड भावंडे मानली आहेत. वाचलेला घास आणि वाचलेला पैसा दुसऱ्याच्या पानात गेला पाहिजे. इग्नेशियसने आपल्या अनुयायांना आणखी एक सवय लावली. जो दोष घालवावयाचा असेल तो सकाळी उठताच ठरवावा, दुपारी व रात्री मनाची झडती घ्यावी, आणि जितक्या वेळा चूक घडली तितक्या खुणा वहीतल्या रेघेवर कराव्या. कालच्या खुणा आजच्यांशी ताडून पाहाव्या. कारखान्यात सदोष माल मोजून फलकावर लिहिण्याची शिस्त ज्यांना ठाऊक आहे, अशा आपल्या कामगार वाचकांना ही रीत परकी वाटू नये.

आता आपल्या शिवरात्रीकडे पाहावे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, वर बर्फी. रोजच्याहून जड जेवण करून आपण दुपारी आडवे होतो आणि संध्याकाळी म्हणतो, आज उपवास होता. (आमच्या स्वतःच्या घरीही याहून वेगळे घडत नाही, हे कबूल केलेले बरे.) जागरण तर दूरचित्रवाणीसमोर होते. वस्तुतः या पट्ट्यातील माणसाला जागरण नवे नाही. आठवडाच्या आठवडा तो रात्रपाळीत जागतो. पण पाळीचे जागणे मालकासाठी, आणि शिवरात्रीचे जागणे स्वतःसाठी, हा फरक व्रत शिकविते. पाळ्या बदलत्या असल्यामुळे नेम जमत नाही, ही तक्रार खोटी नाही. ती शेजारच्या कॅथलिक कामगाराचीही आहे, आणि त्याला तर रविवारची मिस्साही कधी ओव्हरटाइममुळे हुकते. तरी नेमाला घड्याळाची एकच वेळ लागते असे थोडेच आहे? चाकणच्या औद्योगिक वसाहतीच्या उशाशी भामचंद्राचा डोंगर उभा आहे. तुकोबा तेथे एकांतात बसत असत. संसार, दुकान, दुष्काळ, देणी यांतून उठून ते तेथे जात. मोकळा वेळ मिळाल्यावर नव्हे.

या वर्षीच्या पंचांगात पुढे आणखी एक योग आहे. वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा सरली की येणारा रविवार हा पुनरुत्थानाचा सण, अशी त्यांची गणना असते. म्हणजे त्यांचाही सण आपल्या तिथीप्रमाणे चंद्राच्या मागे चालतो. त्यामुळे त्यांच्या चाळीस दिवसांत आपली होळी, गुढीपाडवा आणि रामनवमी येईल. २ एप्रिलला चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती. पहाटे जन्मकाळाच्या वेळी गावोगावच्या मारुतीच्या देवळांत घंटा घणघणतील. त्याच दिवशी त्यांचा पवित्र गुरुवार. त्या संध्याकाळच्या मिस्सेत एकदा घंटा वाजली की चर्चच्या घंटा मौन धरतात. शुक्रवारभर, शनिवारभर एकही वाजत नाही. कोठे कोठे त्यांच्या जागी लाकडी खुळखुळा वाजवितात. शनिवारी रात्री, अंधारात मेणबत्त्या पेटल्यानंतर, त्या सगळ्या पुन्हा एकदम वाजू लागतात.