शिल्लक रजेचा हिशोब

वाचकहो, आपल्या घरातील कोणी पोलीस खात्यात असेल, तर रजेचे दुखणे आपणांस निराळे सांगावयास नको. गणेशोत्सव, आषाढी वारी, निवडणुका. इतरांच्या घरी सुट्टी असते तेव्हा आपल्याकडे बंदोबस्त असतो. रजेचा अर्ज दोनतीनदा नामंजूर झाला की तो करण्याची सवयच सुटते. मग, 'राहू द्या, शिल्लक रजेचे शेवटी पैसे मिळतील,' अशी समजूत घातली जाते.

ही समजूत निम्मीच खरी आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यास वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. १ जानेवारी व १ जुलै रोजी पंधरा-पंधरा दिवस खाती जमा होतात. निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांचे रोखीकरण होते. अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेस ३० ने भागून शिल्लक दिवसांनी गुणावयाचे. ही बेरीज ९० हजार धरल्यास ३०० दिवसांचे ९ लाख रुपये होतात. घरभाडे भत्ता यात येत नाही. शासकीय कर्मचाऱ्यास निवृत्तीवेळी मिळणारी ही रक्कम आयकरमुक्त असते. म्हातारपणी हा आधार लहान नव्हे.

परंतु ३० वर्षांच्या नोकरीत ९०० दिवसांची रजा मिळते. पैसे होतात ३०० दिवसांचे. उरलेले ६०० दिवस साठवून कोणाच्याच पदरात काही पडत नाही. ते वापरले तर शरीराचे, न वापरले तर कोणाचेच नाहीत! म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गुडघ्यांचे उपचार, रात्रपाळीने बिघडलेली झोप आणि वाढलेला रक्तदाब हे सारे 'रिटायर झाल्यावर पाहू' म्हणून ढकलणे मला हिशोबातही चुकीचे वाटते. घरातील वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी रजा घेणेही उधळपट्टी नव्हे.

आजारपणासाठी तर आणखी एक सोय आहे. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास ती पूर्ण वेतनाच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते. मात्र घेतलेल्या दिवसांच्या दुप्पट अर्धवेतनी रजा खात्यातून वजा होते. अर्जित रजेस यात धक्का लागत नाही. डॉक्टरांचे कागद जपून ठेवावेत ते याकरिता.

रजा मंजूर करणे वरिष्ठांच्या हाती असते, हे खरेच. नामंजुरीचा शेरा असलेल्या अर्जाची प्रत तरी घरी असू द्यावी. निवृत्तीस दोनतीन वर्षे उरली असता सेवापुस्तकातील रजेच्या नोंदी एकदा तपासून घ्याव्यात. बदल्यांच्या धांदलीत एखादी नोंद राहून जाते आणि ती नंतर शोधणे फार जिकिरीचे होते.

सेवेत असतानाच कर्मचाऱ्याचे निधन झाल्यास शिल्लक अर्जित रजेची रक्कम, त्याच ३०० दिवसांच्या मर्यादेत, कुटुंबास मिळते. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांच्या गर्दीत ही मागणी मागे पडू शकते. अशा घरातील ज्येष्ठांनी कार्यालयात तिचा वेगळा उल्लेख अवश्य करावा.