बाप्तिस्मा झाला, शिष्यवृत्ती गेली

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरातील ख्रिस्ती बांधवांपुढे बोलले. ते भाषण त्याच वर्षीच्या ५ फेब्रुवारीच्या 'जनता' पत्रात प्रसिद्ध झाले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती आणि बाबासाहेब कोणता धर्म स्वीकारणार, याकडे साऱ्या धर्मांचे पुढारी डोळे लावून बसले होते. असा पाहुणा घरी आला म्हणजे चार गोड शब्द ऐकायला मिळतील, अशी यजमानांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयीचा आपला आदर बोलून दाखविला खरा, पण पुढे त्यांनी यजमानांचे चांगलेच कान उपटले. तुम्ही शिकलात, पण स्वतःवरील अन्यायाविरुद्ध कधी भांडला नाहीत, असे त्यांनी सुनावले. उदाहरणही रोकडे दिले. अस्पृश्य मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते, त्याच्या घरची स्थिती मात्र होती तशीच राहते. तुम्ही राजकारणात असता तर चित्र उलटे दिसले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या भाषणाची आठवण आपल्या समाजात फारशी कोणी काढत नाही. बोचणाऱ्या गोष्टी विसरण्याची कला आपल्याला चांगली साधली आहे. पण सोलापूरच्या कोणत्याही दलित ख्रिस्ती घरात बारावीचा निकाल लागला की पुढच्या आठवड्यात जी कुजबुज सुरू होते, ती याच वाक्याची असते.

त्यानंतर स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. घटनेच्या ३४१ व्या कलमान्वये १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्यातील तिसऱ्या परिच्छेदाने ठरविले की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये या परिच्छेदात शीख धर्माचा आणि १९९० मध्ये बौद्ध धर्माचा समावेश झाला. हे दोन्ही निर्णय न्यायाचेच होते. आपल्या बौद्ध बांधवांना तर त्यासाठी चौतीस वर्षे थांबावे लागले. मात्र या दुरुस्त्यांनी एक गोष्ट सरकारनेच कबूल करून टाकली. ज्या धर्माच्या शिकवणुकीत जातीला स्थान नाही, त्या धर्मात गेलेल्या माणसाचीही जात समाज विसरत नाही. मग 'ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून तुम्हाला सवलत नाही' या युक्तिवादात उरले काय? जात तर शीख धर्माच्या शिकवणुकीतही नाही आणि बुद्धाच्या धम्मातही नाही.

अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अट कधीच नव्हती. आदिवासी ख्रिस्ती मुलाला आदिवासी म्हणूनच शिष्यवृत्ती मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना दहा टक्के आरक्षण दिले, त्यातही धर्म विचारला जात नाही. जुन्या उच्चवर्णीय ख्रिस्ती घराण्यातील गरीब मुलगा त्याचा लाभ घेऊ शकतो. धर्माचा दाखला द्यावा लागतो तो फक्त दलिताला. आणि याला धर्मनिरपेक्षता म्हणायचे!

अमेरिकेत वर्णाच्या आधारे दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर मोठा वाद झाला. मेरीलँड विद्यापीठात केवळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बेंजामिन बॅनेकर यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. १९९४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती अवैध ठरविली. पुढे २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या प्रवेशातील वर्णाचा विचारही रद्द केला. आपल्याकडील काही सुशिक्षित मंडळी हे दाखले मोठ्या उत्साहाने देतात आणि म्हणतात, 'पाहा, सारे जग आता आर्थिक निकषाकडे चालले आहे. तुम्ही चर्चमध्ये जात कशाला आणता?' या मंडळींत आपले स्वतःचे बांधवही पुष्कळ असतात, म्हणून याचे उत्तर दिले पाहिजे. अमेरिकेतला प्रश्न असा होता की, सरकारने किंवा विद्यापीठाने माणसाचा वर्ण पाहावा की पाहू नये. आपल्याकडे सरकार जात पाहतेच. तिची यादी करते, तिचा दाखला देते, तो पडताळण्यासाठी समित्या नेमते. एवढे सगळे पाहून झाल्यावर गळ्यातला क्रूस दिसला की तेवढ्यापुरते डोळे मिटते. तेव्हा अमेरिकेतील निकाल कोणाच्याही बाजूचा असो, आपल्या गाऱ्हाण्याशी त्याचा संबंध नाही. आणि गरिबीचेच म्हणाल, तर बाप्तिस्म्याने कोणाची गरिबी धुऊन निघाल्याचे सोलापुरात तरी कोणी पाहिलेले नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांनी कामगाराचा धर्म विचारला नव्हता.

'तुमच्यात जातीचा जाच अजून आहे, हे सिद्ध करा,' असेही आपल्याला सांगण्यात आले आहे. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराला, शेजारच्या हिंदू चर्मकारांना मिळालेली मोफत टपरी नाकारण्यात आली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, धर्मांतरानंतरही जातीचे जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतात, याचा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही. म्हणजे सरकारी आयोगांनी करायचे काम एका जोडे शिवणाऱ्या माणसावर टाकले गेले. बरे, पुढे तो पुरावाही आला. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात तिसरा परिच्छेद काढून टाकावा, अशी शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिव मात्र या शिफारशीशी असहमत होत्या, हेही सांगितले पाहिजे. २००८ मध्ये प्रा. सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या अभ्यासात, मुस्लिम आणि ख्रिस्ती दलितांना वगळण्याला सबळ आधार आढळला नाही. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला. त्याला दोन वर्षांची मुदत होती. ती वाढवावी लागली. सर्वोच्च न्यायालयातील मूळ याचिका २००४ मधील आहे. त्या वर्षी जन्मलेली मुले एव्हाना पदवी घेऊन बाहेर पडली. काही पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून यंत्रमागावर गेली.

या सगळ्यात सर्वांत वाईट काय घडले असेल, तर या कायद्याने आपल्या मुलांना खोटे बोलायला शिकविले. कितीतरी घरांत मुलाची दोन नावे असतात. एक बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले आणि दुसरे शाळेच्या दाखल्यावरचे. दाखल्यावर 'हिंदू' लिहिलेले असते, पुढे जुनी जात असते. रविवारी हा मुलगा मिस्सेला वेदीसेवक असतो आणि सोमवारी समाजकल्याण कार्यालयाच्या अर्जावर आपण ख्रिस्ती नाही असे लिहून देतो. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा त्याने पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत पाठ केलेली असते. त्याच्या शेजारचा मुलगा खरे लिहितो आणि फी भरता न आल्यामुळे घरी बसतो. या दोघांपैकी कोणाला नावे ठेवायची? आपण आजवर पहिल्याला ठेवत आलो आणि दुसऱ्याची विचारपूससुद्धा केली नाही. आता पहिल्याचा रस्ताही काट्यांचा झाला आहे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही घटनेशी प्रतारणा आहे. कायद्याच्या चौकटीत निकाल तसाच लागणार होता. पण प्रतारणा कोणी कोणाशी केली, हा प्रश्न त्या चौकटीबाहेर शिल्लक राहतोच.

सरकार म्हणेल, दलित ख्रिस्तींना महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत घातले आहे. घातले आहे खरे. पण फरक पैशांत मोजून पाहा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला १९४४ पासून चालत आलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पूर्ण शुल्क आणि वर निर्वाहभत्ता मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या इतर मागासवर्गीय मुलाला शिक्षण शुल्काचा निम्माच परतावा मिळत आला आहे. मुलींना मात्र २०२४-२५ पासून तो पूर्ण मिळू लागला, हे स्वागतार्ह आहे. अभियांत्रिकीची निम्मी फी ज्याच्या बापाला भरता येते, त्याला उरलेली निम्मीही बहुधा कशीतरी भरता येते. ज्याला येत नाही, त्याला निम्म्या सवलतीचा उपयोग काय? अल्पसंख्याकांसाठी केंद्राने २००७-०८ मध्ये शिष्यवृत्त्या सुरू केल्या, त्यांची संख्या प्रत्येक राज्याला ठरवून दिलेली होती. अल्पसंख्याकांसाठीचीच मौलाना आझादांच्या नावाची संशोधनवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली. शिवाय त्या धर्म पाहून दिल्या जात. दलित ख्रिस्ती मुलगा तेथेही आपली खरी अडचण सांगू शकत नव्हता.

आपली चळवळ गेली अनेक वर्षे दिल्लीकडे तोंड करून उभी आहे. दरवर्षी १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो. राखीव जागा, नोकऱ्या, संरक्षणाचे कायदे हे सारे त्या तिसऱ्या परिच्छेदाला जखडलेले आहे आणि तो लढा चालूच राहिला पाहिजे. पण शिष्यवृत्ती त्याला जखडलेली नाही. राज्याने स्वतःच्या तिजोरीतून गरीब मुलाची फी भरायची तर त्याला संसदेची परवानगी लागत नाही. याचा पुरावा याच महाराष्ट्रात आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राने बौद्धांच्या सवलती नाकारल्या होत्या. तरी १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन होताच यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्ध विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. केंद्राला तेथवर यायला आणखी तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत बौद्ध समाजात प्राध्यापक, वकील, डॉक्टर, अधिकारी यांची एक पिढी उभी राहिली. आजही राज्याच्या योजनांवर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असेच लिहिलेले असते. परदेशी शिक्षणाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर तेच आहे आणि स्वाधार योजनेवरही तेच. तामिळनाडूत अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या विद्यार्थ्यांना आदि द्रविड कल्याण खाते शिष्यवृत्ती देते. केरळमध्येही त्यांच्यासाठी वेगळा वर्ग करून शैक्षणिक सवलती दिल्या आहेत. तेथे आकाश कोसळल्याचे ऐकिवात नाही.

यात आपल्या हिंदू आणि बौद्ध दलित बांधवांच्या ताटातले काही काढून घेण्याचा प्रश्नही येत नाही. राखीव जागा मोजक्या असतात, म्हणून तेथे त्यांची धास्ती समजू शकते. वेगळ्या तरतुदीतून दिलेल्या शिष्यवृत्तीने कोणाची जागा जात नाही. हे त्यांच्या वस्तीत जाऊन आपण समजावून सांगितले आहे का?

आता थोडे घरचे. भारतीय कॅथॉलिक बिशप्स कॉन्फरन्सने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत जातिभेद आहे, हे त्यात मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. पण घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याक म्हणून मिळालेला संस्थाचालनाचा अधिकार वापरून आपण महाविद्यालये चालवितो. त्यांत दलित कॅथॉलिक मुले किती, आणि फी माफी किती जणांना, हे आकडे धर्मग्रामातल्या माणसाला का सांगितले जात नाहीत? जी यादी आपण सरकारकडे मागतो, ती आपल्या कपाटात तरी आहे का? विधिमंडळात आपला प्रश्न मांडायला निघालेल्या आमदाराने पहिला प्रश्न हाच विचारला, तर शिष्टमंडळातल्या मंडळींना एकमेकांची तोंडे पाहावी लागतील.

पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. त्याआधी सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट या भागांतील दलित ख्रिस्ती विद्यार्थ्यांची नोंद त्यांच्या खऱ्या नावांनी आणि खऱ्या धर्मासह झाली, कोणाची फी किती थकली हे त्यात लिहिले गेले आणि ती वही घेऊन आपण मुंबईला मंत्रालयात गेलो, तर बाबासाहेबांनी सोलापुरात ज्याला राजकारण म्हटले होते, त्याची ती सुरुवात ठरेल. वही तयार करायला फार तर दोन रविवार लागतील.