आयसीयूत शुगर ‘नॉर्मल’ करण्याचा हट्ट सोडा!

“डॉक्टर, बाबांची शुगर १६० आलीय. घरी ११० असायची. इन्शुलिन का वाढवत नाही?”

आयसीयूच्या दाराशी हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुमची काळजी खरी आहे, पण मागणी धोक्याची आहे. आणि ही समजूत पसरवण्यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे.

गंभीर आजारात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही हार्मोन्स वाढतात. यकृत जास्त साखर रक्तात सोडते आणि इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणून मधुमेह नसलेल्यांचीही शुगर आयसीयूत चढते.

२००१ मध्ये बेल्जियममधील ल्युव्हेनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतरच्या १५४८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शुगर ८० ते ११० ठेवल्यावर आयसीयूतील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर डॉक्टर ११० च्या मागे लागले. पण हे रुग्ण एकाच आयसीयूतले होते, बरेचसे हृदयशस्त्रक्रियेचे होते आणि त्यांना सुरुवातीपासून शिरेतून भरपूर ग्लुकोज मिळत होते. याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

२००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ अभ्यास आला. त्यात सहा हजारांहून अधिक रुग्ण होते. शुगर ८१ ते १०८ ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, तर १८० किंवा त्याखाली ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. म्हणजे आकडा सुंदर झाला, पण माणसे जास्त गेली! शुगर ४० किंवा त्याखाली घसरण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६.८ टक्के होते, दुसऱ्यात फक्त ०.५. पुढे २०२३ मध्ये ल्युव्हेनच्याच गटाने नऊ हजारांहून अधिक रुग्णांवर पुन्हा तपासले. शिरेतून लवकर पोषण न देता शुगर काटेकोर ठेवून मृत्यू कमी झाले नाहीत.

घरी शुगर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, आपण साखर तोंडात टाकतो. व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधाखाली असलेला माणूस हे सांगणार कसा? तोवर मेंदूला इजा झालेली असू शकते.

याचा अर्थ शुगर ३०० वर सोडून द्यावी असा नाही. तेही तितकेच चूक. ती १८० च्या वर राहू लागली की इन्शुलिन सुरू करावे आणि बहुतेक रुग्णांत १४० ते १८० मध्ये ठेवावी.

तेव्हा “११० का नाही?” हे विचारू नका. त्याऐवजी विचारा: शुगर किती वेळाने तपासता? नळीतून दिले जाणारे अन्न थांबले, तर इन्शुलिनचे काय करता? रुग्ण शॉकमध्ये असताना बोटाच्या रक्तावर विसंबता, की धमनीतल्या रक्तावर?

हे प्रश्न विचारायला संकोचू नका. चांगला डॉक्टर त्यांचा राग मानणार नाही. आपल्याला माणूस घरी न्यायचा आहे, सुंदर रिपोर्ट नव्हे.