स्वमग्न मूल आणि गावचा दवाखाना

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. एका अंगास बेळगाव, दुसऱ्या अंगास सह्याद्रीचे कडे, आणि जिल्ह्याचे ठाणे शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेथील वाडीवस्तीवरच्या कुटुंबास वैद्यकशास्त्र प्रथम भेटते ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात. म्हणूनच स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, प्रश्न आम्ही तज्ज्ञांच्या दालनाऐवजी या दाराशी मांडू इच्छितो.

स्वमग्नता हा संसर्गाने जडणारा रोग नव्हे, वेडही नव्हे. ती मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता होय. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून तिला नाव दिले. पुढे कित्येक वर्षे शीतहृदयी आयांच्या माथी दोष मारण्यात आला. १९९८ साली एका निबंधाने लसीवर संशय घेतला. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. दोन्ही समज खोटे ठरले. तथापि ‘आईचे लक्ष नाही’ हा शेरा अद्याप आपल्या घराघरांतून ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न आहे. हे प्रमाण ध्यानी घेता, अशी माणसे एखाद्या तालुक्यात नाहीतच असे मानणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे होय.

कायदा या बाबतीत मागे नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेस मान्यता दिली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. खरी अडचण तपासणीनंतर सुरू होते. ‘कोल्हापुरास न्या’ एवढे सांगितले की सांगणाऱ्याचे कर्तव्य संपते. नेणाऱ्याची मात्र रोजंदारी बुडते, गर्दीत मूल बिथरते, आणि दुसरी खेप बहुधा होतच नाही. बेळगाव जवळ खरे. पण ते परराज्यात, आणि दिव्यांगत्वाचा दाखला मात्र सहसा स्वतःच्या जिल्ह्यातून मिळवावयाचा!

मग गावच्या डॉक्टरने करावे तरी काय? पहिली गोष्ट, आईचे ऐकावे. दीड-दोन वर्षांचे मूल हाकेस ओ देत नाही, बोटाने दाखवीत नाही, आलेले शब्द विसरते, असे ती सांगत असेल, तर ‘बापही उशिराच बोलला असेल’ म्हणून तिची बोळवण करू नये. श्रवणाची तपासणी करवावी, ठराविक प्रश्नावली भरावी आणि मुलास पुढे पाठवावे. यास यंत्र लागत नाही. निदान होईतो संवादाचे, खेळाचे शिक्षण थांबविण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट, स्वमग्न माणसालाही ताप येतो, दात दुखतो. पुष्कळांना आवाज, प्रखर दिवा, अनोळखी स्पर्श असह्य होतो. त्यांस रांगेत ताटकळत न ठेवता ठरलेली वेळ द्यावी, शांत कोपरा द्यावा, स्टेथोस्कोप लावण्यापूर्वी तो दाखवावा, सोप्या व नेमक्या शब्दांत विचारावे. जो बोलत नाही त्याचे अकस्मात ओरडणे, डोके आपटणे ही कदाचित कानदुखीची किंवा पोटदुखीची तक्रार असेल. ‘हा असाच आहे’ म्हणून ती सोडून देणे हा अन्याय होय. आणि स्वमग्न बालके मोठी होतात, याचा विसर तर मुळीच पडू नये.

आमची मागणी माफक आहे. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ यांनी महिन्यातून एक ठरलेला दिवस चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात बसावे; दाखल्याचे काम तेथेच व्हावे; आशा व अंगणवाडी सेविकांना नीट प्रशिक्षण मिळावे. पाच तज्ज्ञ माणसांनी एक प्रवास करणे हे पन्नास कुटुंबांनी करण्याहून स्वस्त आहे, हे समजण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते एकही मूल बाहेर राहू नये म्हणून. त्या वारशाचा अभिमान सांगणाऱ्या कोल्हापूरकरांनी ही मागणी आपली मानावी. चंदगडची आई मोर्चा घेऊन येणार नाही. मुलाला सोडून तिला घराबाहेर पडता येत नाही. तिच्या वतीने बोलणे हे आपले काम आहे.