शब्दांचें कूळ : आक्रोश आणि कोस

विदर्भांतील वृत्तपत्र उघडावें तों शेतकऱ्यांच्या ‘आक्रोश मोर्चा’ची वार्ता वारंवार दृष्टीस पडते. आमच्या धाड गांवीं एका सुविद्य गृहस्थांनीं या शब्दावर आक्षेप घेतला. आक्रोश म्हणजे घरांत मृत्यु घडला असतां होणारा विलाप. मागण्या घेऊन निघालेल्या लोकांस तो शब्द लावणें हें भाषेचें अज्ञान होय, असें त्यांचें म्हणणें. शेतकऱ्यास अज्ञानी ठरविण्यापूर्वीं शब्दाचें कूळ पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

संस्कृतांत ‘क्रुश्’ धातूचा अर्थ मोठ्यानें ओरडणें. अमरकोशांत कोल्ह्याच्या नांवांत ‘क्रोष्टु’ आहे, तो यामुळेंच. इराणांतही या धातूचा भाऊबंद नांदतो. ‘जोशखरोश’ यांतील खरोश तोच. परंतु ‘आ’ उपसर्ग लागला कीं कोणास तरी उद्देशून ओरडणें, त्याची निर्भर्त्सना करणें असा अर्थ होतो. मनुस्मृतींत आक्रोशाबद्दल दंड सांगितला आहे, तो रडण्याबद्दल खचित नव्हे! पालींतील ‘अक्कोस’ म्हणजे शिवीगाळ, आणि हिंदींतील ‘कोसना’ म्हणजे शिव्याशाप देणें. शोकाचा अर्थ मराठींत बळावला. तेव्हां मोर्चेकऱ्यांचा आक्रोश आमच्या गृहस्थांच्या आक्रोशाहून मूळ अर्थास अधिक जवळ आहे.

याच धातूचें दुसरें अपत्य आपला ‘कोस’. क्रोश म्हणजे आरोळी, आणि मग आरोळी ऐकूं येईल तेवढें अंतर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत योजनाच्या चतुर्थांशास ‘गोरुत’ म्हटलें आहे, म्हणजे गाईचें हंबरणें! कान हेंच त्या काळचें मोजमापाचें साधन असावें. पुढें गणितज्ञांनीं त्यास आंकड्यांत बसविलें. भास्कराचार्यांच्या ‘लीलावतीं’त (इ. स. ११५०) चार हातांचा दंड व २००० दंडांचा क्रोश आहे. हात दीड फुटाचा धरल्यास हें अंतर साडेतीन किलोमीटरांहून अधिक भरतें. इतक्या लांब कोणाची आरोळी पोंचणार? माप वाढलें, नांव तेवढें राहिलें.

इ. स. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. तरी दर बारा कोसांवर भाषा बदलते, हें आपण अद्याप कोसांतच बोलतों. वऱ्हाडच्या कडेस राहणाऱ्या आम्हांस त्याचा अनुभवही आहे. वृत्तपत्रांतील ‘कोसो दूर’ मात्र हिंदीची उसनवारी. आमच्या गृहस्थांस आक्षेप घ्यावयाचाच असेल, तर त्यांनीं तो तेथें खुशाल घ्यावा.