सेकंडहँड पिकअप घेताय? टोइंगचा आकडा सोडा, दारावरचं पिवळं स्टिकर बघा

मागच्या महिन्यात डॅलसमधल्या एका डीलरकडे मी तीन वर्षं जुना पिकअप ट्रक जवळजवळ घेतलाच होता. लेदर सीट्स, वर काचेचं छत, १२ इंची स्क्रीन. आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत: टोइंग क्षमता ११,००० पौंड, म्हणजे साधारण ५ टन. मला ओढायचा होता ७,००० पौंडांचा, म्हणजे ३,१७५ किलोचा ट्रॅव्हल ट्रेलर. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घरच. आत पलंग, ओटा, बाथरूम सगळं असतं. मे महिन्यात आई-बाबा इचलकरंजीहून येणार आहेत, त्यांना घेऊन कोलोरॅडोला जायचं ठरलंय. ५ टन ओढणाऱ्या गाडीला ३ टन म्हणजे हातचा मळ, असं मी धरून चाललो होतो.

व्हिडिओ कॉलवर बाबांना ट्रक दाखवला. बाबांनी वीसेक वर्षं टेम्पोतून सुताची ने-आण केली आहे. ते म्हणाले, "ती स्क्रीन राहू दे रे. गाडीचं पासिंग किती हाय?"

म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊनही हा प्रश्न मी डीलरला विचारला नव्हता.

ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

अमेरिकेत या पासिंगला पेलोड म्हणतात. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून एवढ्या किलोच्या वर जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा मॉडेलचा नसतो, त्या एका गाडीचा असतो. एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन ट्रकवर तो वेगळा असू शकतो.

ट्रेलरचा या आकड्याशी काय संबंध? ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याचा पुढचा दांडा ट्रकच्या हुकवर टेकलेला असतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार या दांड्यातून सरळ ट्रकवर येतो, आणि तो पेलोडमध्येच मोजायचा. मग ट्रेलरमधलं सामान मागे सरकवून दांडा हलका करू, असं कुणाला वाटेल. तसं अजिबात करू नका. दांडा हलका झाला की हायवेवर ट्रेलर डावी-उजवीकडे शेपटीसारखा हलायला लागतो आणि ट्रकलाही सोबत खेचतो.

आता माझा हिशोब. त्या ट्रकच्या स्टिकरवर ६५८ किलो होतं. ट्रेलरच्या १३ टक्के म्हणजे ४१३ किलो दांड्यावर. वजन पुढच्या चाकांकडेही वाटून देणारा जो खास हुक लागतो, तो ४५ किलोचा. उरले २०० किलो. आम्ही चौघं मिळून २८१ किलो. म्हणजे आईची एकही बॅग न भरता गाडी ८१ किलोने ओव्हरलोड. आणि आईच्या बॅगा मी ओळखून आहे.

मग तो ५ टनांचा आकडा खोटा का? खोटा नाही, पण तो कसा मोजलाय ते बघायला हवं. बहुतेक कंपन्या एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे चाचणी घेतात. त्यात ट्रकमध्ये प्रत्येकी ६८ किलोची फक्त दोनच माणसं धरतात, आणि दांड्यावर १० टक्के. मागच्या सीटवर आई-बाबा नाहीत, सामान नाही. फोनच्या जाहिरातीत बॅटरीचे तास कोणत्या परिस्थितीत मोजलेत ते खाली बारीक अक्षरांत असतं ना, तसंच हे.

अजून एक गंमत. गाडीचं भरल्यावरचं जास्तीत जास्त वजन ठरलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की पेलोड उरतो. म्हणजे काचेचं छत, इलेक्ट्रिक पायऱ्या, जाड सीट्स, सगळं पेलोडमधूनच कापून जातं. महागडं व्हर्जन बहुतेक वेळा कमी पेलतं. कापडी सीट्सचा साधा ट्रक, ज्याच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, तो जास्त पेलतो.

हा हिशोब आत्ताच का?

कारण २०२१ ते २०२४ मध्ये विकलेले ट्रक आता सेकंडहँड बाजारात येतायत, आणि नेमक्या याच वर्षांच्या इंजिनांवर मोठे रिकॉल आहेत. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही८ इंजिनाच्या जगभरातल्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या परत बोलावल्या. सिल्व्हराडो आणि सिएरा १५०० हे पिकअप त्यात आहेत. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष असल्यामुळे इंजिन चालत्या गाडीत बंद पडू शकतं. त्याआधी मे २०२४ मध्ये टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्यांचा रिकॉल काढला. कारखान्यातला धातूचा कीस इंजिनात राहून गेला होता.

रिकाम्या ट्रकचं इंजिन गेलं तर बाजूला घेता येतं. पण न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोच्या सीमेवर रॅटन पासचा घाट आहे, २,३८८ मीटर उंचीचा. तिथे मागे तीन टन असताना पॉवर गेली तर काय, याचा विचार मी रात्री दीड वाजता करत बसलो होतो.

आणि हे मला धक्कादायक वाटलं: रिकॉलचं काम झालेलं नसतानाही डीलरने सेकंडहँड गाडी विकण्यावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदी नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर आहे, डीलरवर नाही. म्हणजे तपासायचं काम आपलं. ते फोनवर दोन मिनिटांत होतं. विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात १७ अक्षरी-अंकी व्हीआयएन असतो. तो एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट टाकून बघा, किंवा त्यांचं सेफरकार ॲप घ्या. ॲपमध्ये गाडी सेव्ह केली की पुढचा रिकॉल आल्यावर नोटिफिकेशनही येतं. साइटवर एकही रिकॉल बाकी दिसला नाही तरी कागद मागा. जनरल मोटर्सच्या रिकॉलमध्ये तपासणीत नापास झालेल्या गाड्यांचं इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं, आणि पास झालेल्यांना फक्त जास्त घट्ट ऑइल. काम झालं की दोन्हींचा रिकॉल साइटवरच्या बाकी यादीतून जातो, नेमकं काय केलं ते तिथे दिसत नाही.

इलेक्ट्रिकचं काय, हे मित्र विचारतातच. फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक एफ-१५० लाइटनिंगचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सेकंडहँड लाइटनिंग गावात फिरवायला मस्त आहे. पण ट्रेलर म्हणजे हवेत उभी धरलेली भिंत. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोठ्या बॅटरीची ५१५ किलोमीटरची रेंज उंच ट्रेलर लावला की निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. डॅलस ते ॲमारिलो हा पहिलाच टप्पा साडेपाचशे किलोमीटरच्या वर, आणि बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय ट्रक आत जात नाही. आई-बाबांना घेऊन दिवसातून तीनदा हे करायची माझी तयारी नाही.

मी शेवटी एक पायरी वरचा, थ्री-क्वार्टर टनचा पेट्रोल ट्रक शोधला. वर्षाने जुना, सीट कापडी, स्क्रीन माझ्या टॅबलेटपेक्षा लहान, आणि रिकामा असताना खड्ड्यांत आदळतो. डिझेलचाही बघितला होता, पण डिझेल इंजिन स्वतःच जड, त्यामुळे पेलोड कमी होतो, आणि दुरुस्ती महाग. या ट्रकच्या स्टिकरवर १,३१५ किलो आहे. दांडा, हुक आणि आम्ही चौघं धरूनही ५७६ किलो उरतात.

व्हीआयएन स्वच्छ निघाला. खिडकीवर "जसा आहे तसा" असा कागद चिकटवलाय, म्हणजे वॉरंटी नाही, विकल्यावर जबाबदारी आपली. म्हणून डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे शनिवारी नेतोय. ट्रान्समिशन ऑइलचा रंग, ब्रेक आणि मागच्या फ्रेमवरचा गंज, हे तीन बघायला सांगितलंय. स्टिकरचा फोटो बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचा उलट प्रश्न आला: "टायरचं साल बघितलंस का?"

टायरवर डीओटीनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. बघितलं नव्हतं. उद्या ऑफिसनंतर परत जातोय.