आरेपा आणि आईचे जाते

दिवाळीच्या फराळात माझे अधिकारक्षेत्र फार मर्यादित आहे. चिवड्यातले काजू वेचून खाणे आणि कुणी विचारलेच तर ‘मीठ बरोबर आहे’ असा दाखला देणे, एवढेच. असा हा गृहस्थ यंदा ऐन भाजणीच्या धामधुमीत पदर, म्हणजे अर्थातच बाह्या, खोचून चुलीपुढे उभा राहिला, आणि तेही एका परक्या देशाची भाकरी करायला! ही बातमी आमच्या इमारतीला दोन दिवस पुरली.

निमित्त झाले भाचीचे. ती शिकायला माद्रिदला असते. सुट्टीत आली तेव्हा तिच्या बॅगेतून मामीसाठी एक किलोचे पिवळे पाकीट निघाले. त्यावर डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या बाईचे चित्र.

“मामी, हे मक्याचं पीठ. याचे आरेपा करतात. माझी शेजारीण व्हेनेझुएलाची आहे, तिनं मुद्दाम दिलंय.”

आरेपा म्हणजे मक्याची तळहाताएवढी जाड भाकरी. तव्यावर भाजायची, मग पोटातून चिरून आत सारण भरायचे. काराकासमध्ये सकाळच्या न्याहारीला, दुपारच्या जेवणाला, मध्यरात्रीच्या भुकेलाही हीच. कुमानागोतो नावाच्या तिथल्या मूळच्या लोकांच्या भाषेत मक्याला ‘एरेपा’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. शब्दाची व्युत्पत्ती कानावर पडली की मराठीच्या प्राध्यापकाला राहवत नाही. “आज स्वयंपाक माझ्याकडे,” मी जाहीर केले.

आता माझे शहाणपण पाहा. पाकीट आहे परदेशचे, ते जपून ठेवावे. मक्याचे पीठ काय, कोपऱ्यावरच्या गिरणीतही मिळते! मी गिरणीतले पीठ आणले, कोमट पाण्यात भिजवले आणि गोळा थापायला घेतला. कडेला भेगा पडल्या. तव्यावर टाकला तर त्याचे तीन तुकडे झाले. उलथताना सात झाले. सौभाग्यवती अनारशाच्या पिठात हात घालून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला ऐकू आले.

आई पंचाहत्तरीची आहे. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठली, पाकिटातले पीठ चिमटीत घेऊन चोळले, जिभेवर ठेवले आणि म्हणाली, “अरे, हे शिजलेलं आहे. ही उकड आहे, उकड! मोदकाला तांदळाची उकड काढतो ना, तशी. मक्याला गव्हासारखा चिकटा नाही. आधी शिजल्याशिवाय तो धरून राहायचा नाही.”

एका चिमटीत तिने सगळे सांगून टाकले. या पिठासाठी मक्याची साल आणि कोंब काढतात, दाणे शिजवतात, मग ते वाळवून दळतात. लुईस काबायेरो मेखियास नावाच्या व्हेनेझुएलातल्या अभियंत्याने या पिठाचे पेटंट १९५४ साली घेतले. १९६० साली ते ‘आरिना पान’ या नावाने पाकिटात भरून बाजारात आले, आणि अल्पावधीत घरोघर पोचले.

मग आम्ही पाकीट फोडले. अडीच वाट्या कोमट पाण्यात चमचाभर मीठ विरघळवले, त्यात दोन वाट्या पीठ थोडेथोडे सोडत हाताने कालवले. पाणी आधी आणि पीठ मागून, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पाच-सात मिनिटे झाकून ठेवले आणि मळले. गोळे करून बोटभर जाडीचे थापले, कडेच्या भेगा ओल्या बोटाने बुजवल्या. तव्याला तेलाचे बोट लावून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिनिटे भाजले, मग झाकण ठेवून मंद आचेवर आणखी दहा मिनिटे. बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज यावा. आला की झाले. एका कडेने चिरून लोणी लावायचे आणि सारण भरायचे. काळ्या घेवड्याची उसळ आणि पांढरे चीज भरले की त्याला ‘डोमिनो’ म्हणतात, सोंगट्यांच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून. कोंबडी आणि अ‍ॅव्होकाडो भरलेल्या आरेपाला १९५५ साली मिस वर्ल्ड झालेल्या सुसाना डुइमच्या सन्मानार्थ ‘राणी’ केले आहे. आमच्याकडे राजमा आणि पनीर यांच्यावर भागवले.

खाता खाता भाचीने शेजारणीच्या आजीची गोष्ट काढली. पाकीट येण्यापूर्वी मका कांडावा लागे. ‘पिलोन’ म्हणजे झाडाच्या बुंध्याचे कमरेएवढे उखळ. दोघी-तिघी बाया समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारायच्या. मग दाणे शिजवायचे, मग वाटायचे, तेव्हा कुठे सकाळचा आरेपा. आणि कांडताना त्या गाणी म्हणायच्या. शेजारणींची थट्टा, प्रेमातली तक्रार, सगळे मुसळाच्या ठेक्यावर.

माझ्या अंगात व्याख्याता संचारला. “म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओव्याच या!” दरवर्षी वर्गात ओव्या शिकवताना माझा गळा दाटून येतो, तसा तो इथेही आला. “पाहा, एक पाकीट आलं आणि उखळावरचं गाणं बंद पडलं. गिरणी आली आणि आपली ओवी गेली. सोयीपायी आपण केवढं गमावलं!”

आई पनीर निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “तू कधी दळलंयस?”

“मी? नाही.”

“मी दळलंय. पहाटे चारला आई उठवायची. माझं वय दहा. समोर बसून खुंटा ओढायचा. घरात नऊ माणसं, रोजची पायलीभर ज्वारी. गाणं आवडायचं म्हणून म्हणत नव्हतो रे. गाणं थांबलं की हात थांबायचे, म्हणून म्हणायचो. गावात गिरणी आली त्या दिवशी माझ्या आईनं जात्याला हळदकुंकू वाहिलं आणि सकाळी सहापर्यंत झोपली. आयुष्यात पहिल्यांदा.”

वीस वर्षे मी ओव्या शिकवतो आहे. त्यातली माया मी सांगितली, प्रतिमा सांगितल्या, छंद सांगितला. दहा वर्षांच्या मुलीचा खांदा मी कधी सांगितला नव्हता.

भाची मग हळूच म्हणाली, “ती शेजारीणही हेच म्हणते. आजीची गाणी तिला आठवतात. पण ती रडते ते गाण्यासाठी नाही, पिठासाठी.” २०१४ नंतर त्या देशात टंचाई पडली. या पिवळ्या पाकिटासाठी ती तासन् तास रांगेत उभी राहिली आणि कितीदा तरी रिकाम्या हाताने परतली. शेवटी मुलाला घेऊन तिने देश सोडला. असे देश सोडून गेलेले सत्तर लाखांहून अधिक आहेत. माद्रिदच्या दुकानात तिला फळीवर हे पाकीट दिसले, तेव्हा ती तिथेच उभी राहून रडली. त्यातलेच एक तिने आमच्या घरी धाडले.

पाकीट आता संपले आहे. पण आईने मार्ग काढून ठेवला आहे, तो वाचकांसाठी देतो. सवा वाटी पाण्याला मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आणावी, त्यात वाटीभर बारीक दळलेले मक्याचे पीठ घालून ढवळावे, झाकून दणदणीत वाफ काढावी, आणि कोमट असतानाच पाण्याचा हात लावून भरपूर मळावे. पाकिटाची सर येत नाही, जरा रवाळ लागते. पण तुकडे सात होत नाहीत.

सुट्टीनंतर वर्गात पुन्हा ओव्या आहेत. यंदा आईला बरोबर नेणार आहे. ती म्हणते, “येईन. पण गाणार नाही. आधी त्या पोरांना जातं ओढू दे.”